ऊठ, लागलीय

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आणि ते मोबाइल पालथे ठेवा बघू. उजेड तोंडावर पडला की गोष्टीतली चव जाते.

हं. तर ही गोष्ट माझी नाही, फोटोकाकांची. तुम्ही त्यांना पाहिलंय. चौकात स्टुडिओ होता त्यांचा. पासपोर्टचा फोटो काढताना हनुवटीला बोट लावून मान सरळ करायचे आणि म्हणायचे, "हसू नका, सरकार घाबरतं." तेच. आयुष्यात कुणाला कधी थाप मारली नाही त्या माणसानं. त्यांनी मला सांगितलं ते, आणि त्या पिवळ्या घरातल्या माणसांनी पुढं सांगितलं ते, दोन्ही तंतोतंत जुळतं. म्हणून तुम्हाला सांगतोय. पदरचं काही घालत नाही.

जानेवारीतला शेवटचा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी अमावास्या. संध्याकाळी काका घरून निघाले ते अगदी साध्या कामाला. बंब्याच्या घरून एक पेटी आणायची होती.

बंब्या म्हणजे त्यांचा जिवाभावाचा दोस्त. छापखान्यात खिळे जुळवायचं काम करायचा. त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं म्हणे, पण ते बिचारं फक्त मतदार यादीत राहायचं. बाकी जगाला तो बंब्या. कारण तरुणपणी तो आगीच्या बंबामागं धावायचा. गंमत म्हणून नाही हं. रोज. नेमानं.

तेव्हा हे दोघं मोठ्या शहरात राहायचे. कुणाला कबुतरांचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा. या दोघांना आगीचे फोटो काढायचा नाद. बंब्याची खोली बंबखान्याच्या बरोबर समोर. रात्री तिकडं घंटा वाजली की हा पायजम्यावर जिना उतरायचा, चालत्या बंबाच्या ड्रायव्हरला ओरडून विचारायचा, "कुठं?" आणि मग थेट काकांच्या खिडकीखाली. तिथून हाक ठरलेली. "ए फोट्या. ऊठ. लागलीय." काका झोपेतच विचारायचे, "कुठं?" तो पत्ता सांगायचा. कॅमेरा गळ्यात, स्कूटर बाहेर, काका पुढं, बंब्या मागं. शहरातली गल्ली न् गल्ली बंब्याला पाठ. पण स्कूटरच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून तो काकांच्या खांद्यावर अंगठा दाबायचा. डावा दाबला की डावीकडं. उजवा दाबला की उजवीकडं.

काय काय आगी बघितल्या त्यांनी! रंगाचं गोदाम पेटलं होतं, तेव्हा ज्वाळा हिरव्या आणि जांभळ्या. कागदाची वखार जळाली त्या रात्री पेटते कागद पाखरांसारखे गावभर उडत होते, आणि लोक गच्च्यांवर बादल्या घेऊन उभे. थंडीतल्या एका आगीत पाण्याचे फवारे उडत होते, आणि त्यात भिजून कुडकुडणाऱ्या फायरमनना ह्या दोघांनी आपले कोट काढून दिले होते. बंबावरचे लोक ह्यांना ओळखून होते. लांबून स्कूटर दिसली की म्हणायचे, "आलं बघा वऱ्हाड. नवरा अजून वेशीवरच आहे!" पण फोटो बघायला तेच लोक दुसऱ्या दिवशी काकांच्या अंधाऱ्या खोलीत गर्दी करायचे. एक फायरमन पुढं आग विझवतानाच गेला. त्याच्या घरात आजही भिंतीवर त्याचा एकच फोटो आहे, तो बंब्यानं काढलेला. नळी खांद्यावर, आणि मागं सगळं आभाळ पेटलेलं.

मग काळ गेला. गिरण्या बंद पडल्या, वखारी हलल्या. काका इकडं आले, मागोमाग बंब्याही आला. स्टुडिओच्या मागच्या बाकावर बसून दोघं जुन्या आगी आठवायचे, जशी बायका माहेरची लग्नं आठवतात तशी. आणि मागच्या सप्टेंबरात बंब्या गेला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. काका म्हणाले मला, "आयुष्यभर आगीचे फोटो काढले रे. पण त्याला अग्नी दिला त्या दिवशी कॅमेरा घरी ठेवला. आणि तरीही डोळे मिटवले नाहीत माझ्याच्यानं."

तर त्या शनिवारी बंब्याची बायको, म्हणजे काकांच्या वहिनी, लेकीकडं कायमच्या राहायला निघाल्या होत्या. घरातलं अर्धं सामान बांधून झालेलं. बाहेरच्या खोलीत खोकी, गाद्यांच्या वळकट्या. मधल्या स्टुलावर ती पत्र्याची पेटी.

"घेऊन जा भावजी," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लेकीचं घर लहान आहे. एवढ्या आगी मावायच्या नाहीत तिथं."

काका हसले. पेटी उघडली. वर बंब्याचा कॅमेरा, चामड्याच्या पिशवीत. खाली फोटोच फोटो. दोघं बघत बसली. वहिनींना प्रत्येक फोटोची वेगळीच आठवण.

"ही बघा, तेलाची घाणी. तेव्हा मला दिवस गेलेले, आणि त्या रात्री हे घरात नाहीत. सकाळी आले ते कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. लोक आग दिसली की पळतात भावजी. तुम्ही दोघं आगीकडं पळायचात. काय म्हणावं या लक्षणाला?"

"वेड म्हणावं, वहिनी."

"वेडच. पण त्या लॉजच्या आगीनंतर उतरलं यांचं."

काकांची नजर खाली गेली. पेटीच्या तळाशी एक फोटो पालथा होता. दोघांनाही माहीत होतं तो कुठला. तिसऱ्या मजल्याची खिडकी, आणि खिडकीत एक माणूस. बंबाची शिडी तिथपर्यंत पोचत नव्हती. खालून कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं. आणि तो माणूस सरळ बंब्याच्या कॅमेऱ्यात बघत होता. बंब्यानं फोटो काढला. पुन्हा काढला. रीळ संपेपर्यंत काढत राहिला. त्यानंतर कॅमेरा त्यानं कधी हातात धरला नाही.

वहिनी हळूच म्हणाल्या, "शेवटच्या तापात तेच बरळत होते. 'मी आधी का नाही पोचलो.' सारखं तेवढंच. 'आपण नेहमी नंतरच पोचतो.'"

काकांनी तो फोटो उलटा केला नाही. पेटी मिटली, कॅमेरा वेगळा घेतला, वहिनींना नमस्कार केला आणि घरी आले.

घरात एकटेच होते. काकू लेकाकडं गेलेल्या. काकांनी दोन घास खाल्ले, पेटी कॉटखाली सरकवली, कॅमेरा उशाच्या टेबलावर ठेवला. ठेवण्याआधी उघडून पाहिला. आत रीळ नव्हतं. कळ दाबली. खट्. मग रीळ पुढं सरकवायचा खटका ओढला. कर्र... आणि शेवटाला बारीकशी उचकी. तो खटका अडकायचाच, पहिल्यापासून. काकांना बरं वाटलं. दिवा मालवून झोपले.

रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात. पण झोपेतल्या माणसाला हे कोण सांगणार?

"फोट्या..."

काका कुशीवर वळले.

"ए फोट्या. ऊठ. लागलीय."

आवाज खिडकीखालून. दबका. धापा टाकत पळत आलेल्या माणसाचा.

"कुठं?" काका म्हणाले.

"पाण्याच्या टाकीमागं. पिवळं घर."

बस्स. काका उठले. मला म्हणाले, "मी जागा होतो असं नाही, आणि झोपेत होतो असंही नाही. माझं वय तिशीचं होतं, एवढंच." स्वेटर चढवला, कॅमेरा गळ्यात अडकवला, चपला घातल्या. कुलूप लावलं. स्कूटर बाहेर काढली. हे सगळं हातांनी आपलंआपण केलं.

बाहेर कडाक्याची थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांची शटरं खाली. काका बसले, आणि स्कूटर मागून जरा दबली. कुणी मागं बसलं की दबते तशी. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. इतकी वर्षं ती तशीच दबायची.

चौकात आल्यावर डावा खांदा दाबला गेला.

काका डावीकडं वळले.

पुढं दवाखान्यापाशी उजवा. उजवीकडं. मग शाळेच्या भिंतीला लागून सरळ. मग पुन्हा डावा. जरा जोरात दाबला, कारण काकांचं वळण चुकत होतं. टाकीमागचा तो भाग नवा आहे. काका तिकडं कधी फिरकले नव्हते. त्यांना रस्ता ठाऊक नव्हता.

गल्लीच्या टोकाला पिवळं घर. बैठं. पुढं लोखंडी फाटक, दोन पायऱ्यांचा ओटा, कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी रस्त्याकडं. काकांनी स्कूटर बंद केली.

धूर नाही. उजेड नाही. वास नाही. बंब नाही, माणसं नाहीत. घर गाढ झोपलेलं.

काका वैतागले. मान न वळवताच म्हणाले, "अरे, कुठाय? काहीच तर नाही इथं."

काकांनी पुन्हा एकदा खिडकीकडं पाहिलं.

"बंब्या, तुला कुणी चुकीचा पत्ता..."

आणि जीभ तिथंच थांबली.

कारण त्यांनी स्वतःच्या तोंडून ते नाव ऐकलं.

बंब्या.

स्कूटरचा मागचा भाग हळूच वर आला. चर्रर्र... स्प्रिंगचा आवाज. कुणी उतरलं की येतो तसा.

काकांनी मागं पाहिलं नाही. पाहवलंच नाही. हात हँडलवरच राहिले. दिवा होता गल्लीच्या पार तोंडाशी, त्याचा उजेड इथवर पोचत नव्हता. पायाला काही जाणवत नव्हतं, चपला घातल्यात का नाही तेही. मनात एकच. घरी जायचं. किल्ली फिरवायची. वळायचं. घरी.

हात किल्लीपर्यंत गेला.

खट्.

काका थांबले.

कर्र... आणि बारीकशी उचकी.

काकांनी छातीवर हात ठेवला. कॅमेरा तिथंच होता. पिशवीत. पिशवीचं बटण बंद.

खट्. कर्र...

फाटकाच्या आतून. ओट्यावरून. कुणीतरी फोटो काढत होतं. अंधारात. झोपलेल्या घराचे.

खट्. कर्र...

आता खिडकीपाशी.

मग जरा वेळ काहीच नाही.

मग पुन्हा आवाज आला. बारीक. भिंतीपलीकडून आल्यासारखा.

आवाज आत गेला होता.

दार बंदच होतं.

खट्. कर्र. खट्. कर्र...

काका ऐकत राहिले. आणि ऐकता ऐकता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि मग भीती होती ती निराळीच झाली. आवाजाची गती वाढत होती. खट्कर्र. खट्कर्र. खट्कर्र. आग भडकायला लागली की बंब्याचा हात असा चालायचा. ज्वाळा छपरातून बाहेर येण्याच्या बेतात असल्या की असाच. काकांनी शंभरदा ऐकलं होतं ते, खांद्याला खांदा लावून.

अजून काहीच लागलं नव्हतं. आणि आत तो हात असा चालत होता...

काकांनी स्कूटर सोडून दिली. ती आडवी पडली, ते त्यांना कळलंही नाही. फाटकाला दोन्ही हातांनी धरून त्यांनी गदागदा हलवलं.

"उठा! अहो, उठा! आग! आग!"

शेजारचा दिवा लागला. मग पलीकडचा. पिवळ्या घराचं दार उघडलं आणि घरमालक बाहेर आला. तरुण माणूस, मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक. अंगात बनियन, हातात पाना.

"कोण आहे रे? कुठाय आग?"

"घरात. तुमच्या घरात. आधी मुलांना बाहेर काढा."

मेकॅनिकनं आत पाहिलं. काकांकडं पाहिलं. गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"घरात मुलं आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

 काकांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. तोंडातून आलं, एवढंच.

"आजोबा, जास्त झाली असेल तर घरी जा," शेजारचा गच्चीवरून म्हणाला. "आमची झोप नका जाळू."

दोघंतिघं हसले. काकांनी हात जोडले. "हसा. मला मारा हवं तर. पोलिसांना बोलवा. पण मुलांना आधी बाहेर आणा. पाया पडतो तुमच्या."

आणि तो म्हातारा माणूस खरंच फाटकाबाहेर गुडघ्यांवर बसला.

मेकॅनिक काही बोलणार, तेवढ्यात त्याची बायको मागून पुढं आली. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं काकांकडं एकदा निरखून पाहिलं. पुढं ती मला म्हणाली, "वेड्या माणसाचे डोळे मी पाहिलेत. आमच्या घरात होतं एक माणूस. हे डोळे तसे नव्हते. हे घाबरलेले होते, आणि आमच्यासाठी घाबरलेले होते." ती एक अक्षर न बोलता कोपऱ्यातल्या खोलीत गेली. धाकटीला कडेवर घेतलं, थोरल्याला दंडाला धरून उभं केलं, आणि पांघरुणासकट दोघांना बाहेर ओट्यावर आणलं.

"अगं, तूही काय वेड्याच्या नादी..." मेकॅनिक वळला.

"नाही निघालं काही, तर परत निजवीन. माझी झोप मोडेल, तुझं काय जातं?"

ती पोरांना घेऊन फाटकाबाहेर आली. थोरला रडायला लागला. थंडी होती. लोक कुजबुजायला लागले. क्षणभर काकांनाच वाटलं, आपलं डोकं फिरलंय. आवाजही थांबला होता. आत पूर्ण शांत.

अगदी शांत.

मग कोपऱ्यातल्या खोलीत काहीतरी फुसफुसलं. कुकरची शिट्टी अडकावी तसं. खिडकीची काच आतून पांढरी झाली. आणि धाडकन आवाज होऊन त्या पांढऱ्यातून लाल लोळ बाहेर आला. काचा रस्त्यावर येऊन पडल्या.

पोरांच्या पलंगापाशी मेकॅनिकनं विजेच्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती. घरातलं तेवढंच एक प्लग-सॉकेट धड होतं. ती फुटली.

बायको किंचाळली नाही. तिनं दोन्ही पोरांची तोंडं पोटात दाबून धरली आणि मटकन खाली बसली.

बंब आला. शेजाऱ्यांनी बादल्या आणल्या. आग त्या एका खोलीतच अडली, पण त्या खोलीचं काही शिल्लक राहिलं नाही. पलंगाचा नुसता सांगाडा. काका रस्त्याच्या पलीकडं उभे होते. कॅमेरा छातीवर. पिशवीचं बटणही त्यांनी उघडलं नाही. आयुष्यातली ही पहिली आग, जी लागायच्या आधी ते पोचले होते.

आणि आग विझल्यावर लोकांचं डोकं चालायला लागलं.

मेकॅनिकनं येऊन काकांची कॉलर धरली.  "तुला कसं कळलं? सांग. आग लागायच्या आधी तू इथं काय करत होतास? कॅमेरा घेऊन?"

"मी ओळखतो यांना," गच्चीवरचा शेजारी आता खाली आला होता. "चौकातले फोटोवाले. यांच्या दुकानात भिंतभर आगीचेच फोटो असायचे. आग बघायला आवडते ह्यांना."

"आवडते?" मेकॅनिकच्या डोळ्यांत रक्त उतरलं. "माझी पोरं होती आत!"

बंबाबरोबर आलेला अधिकारी मधे पडला. तरुण पोरगा, पण शांत. त्यानं कॉलर सोडवली. काकांना बंबाच्या पायरीवर बसवलं, प्यायला पाणी दिलं.

"काका, खरं सांगा. कसं कळलं?"

"मित्रानं सांगितलं."

"कुठला मित्र?"

"तो... आला होता खिडकीखाली. त्यानंच रस्ता दाखवला."

"मग बोलवा त्यांना. कुठं आहेत?"

काकांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"त्याला आम्ही सप्टेंबरात अग्नी दिला."

 अधिकाऱ्यानं काकांच्या गळ्यातला कॅमेरा मागून घेतला, उघडला. रिकामा. त्यानं तो मिटून परत दिला, आणि टॉर्च घेऊन आत गेला. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा मेकॅनिकला म्हणाला, "बॅटरी आतून फुटलीय. खिडकीला आतून कडी होती, ती तशीच लागलेली आहे. बाहेरून कुणी काही केलेलं नाही. उलट ह्यांचे उपकार माना. मुलं पलंगावर असती, तर..." 

मेकॅनिकची मान खाली गेली.

अधिकारी मात्र जागचा हलला नाही. टॉर्चच्या बटणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दोघं जरा आत या. काका, तुम्हीही. मला एक विचारायचंय."

खोलीत पाय ठेववत नव्हता. खाली काळं पाणी, वर छत काळं, चारी भिंती काजळीनं मिट्ट. अधिकाऱ्यानं टॉर्च एका भिंतीवर टाकला. तिथं एक पांढरा चौकोन होता.

"इथं कपाट होतं?"

"हो," बायको म्हणाली.

"आगीच्या वेळी भिंतीपुढं जे उभं असतं ना, त्याच्यामागं काजळी धरत नाही. तेवढी जागा पांढरी राहते. हा गोल?"

"घड्याळ."

"बरोबर." त्यानं टॉर्च हळूहळू फिरवला. पलंगाच्या सांगाड्यावरून. बॅटरी होती त्या कोपऱ्यावरून. त्या दोन्हींच्या मधल्या भिंतीवर आणला, आणि तिथं थांबवला.

"आणि इथं काय होतं?"

बायकोनं पदर तोंडाशी नेला. "तिथं... काही नव्हतं. ती भिंत मोकळीच होती."

त्या काळ्याकुट्ट भिंतीवर माणसाएवढी पांढरी जागा सुटली होती. जमिनीपासून निघालेले दोन पाय. खांदे. किंचित पुढं झुकलेलं डोकं. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, हात तोंडापाशी नेलेले. डोळ्याला काहीतरी लावून उभ्या असलेल्या माणसासारखे. त्याचं तोंड कोपऱ्याकडं होतं का पलंगाकडं, ते काही त्यावरून कळत नव्हतं.

 छतावरून पाणी ठिबकत होतं.

मग मेकॅनिक बोलला. 

"काका... तुमचे ते मित्र... उंचीला केवढे होते?"

 काकांनी नुसता हात वर केला. आपल्या कानाशी आडवा धरला. आणि तसाच, हळूहळू, भिंतीपर्यंत नेला...